'रॉकी हँडसम'विषयीची मतभिन्नता आणि निशिकांत कामत यांचे थरारपट : एक पुनर्विचार

गोषवारा

निशिकांत कामत दिग्दर्शित 'रॉकी हँडसम' (२०१६) हा थरारपट प्रेक्षक आणि समीक्षक या दोहोंच्या अपेक्षा पूर्ण करू शकला नाही, याविषयी फारसे दुमत नाही. तो का फसला आणि त्यावरून दिग्दर्शकाच्या एकूण कार्याविषयी कोणता निष्कर्ष काढावा, याविषयी मात्र तीव्र मतभेद दिसतात. प्रस्तुत निबंधात या मतभेदांची छाननी केली असून 'डोंबिवली फास्ट' (२००५), 'मुंबई मेरी जान' (२००८), 'दृश्यम' (२०१५) आणि 'मदारी' (२०१६) या चित्रपटांशी 'रॉकी हँडसम'ची तुलना केली आहे. कामत यांच्या यशस्वी चित्रपटांतील ताण हा सामान्य माणसाच्या नित्यक्रमातून जन्मतो आणि 'रॉकी हँडसम'मध्ये हा नित्यक्रमच घडवला गेलेला नाही, हे त्याच्या अपयशाचे मूळ कारण आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : थरारपट, रिमेक, नित्यक्रम, ताण, हिंसेचे चित्रण, दिग्दर्शकाचे कर्तृत्व.

१. प्रस्तावना

मराठी समीक्षेने चित्रपटाकडे गांभीर्याने पाहण्यास उशिरा सुरुवात केली आणि थरारपटाकडे तर त्याहूनही उशिरा. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' (१९६४) सारख्या रहस्यपटाची लोकप्रियता मोठी होती. त्यावरूनच राज खोसला यांनी 'मेरा साया' (१९६६) हा हिंदी चित्रपट केला. तरीही रहस्य आणि थरार हे केवळ करमणुकीचे प्रकार आहेत, त्यांत आशयाचा शोध घेण्यासारखे काही नसते, असा समज साहित्याच्या अध्यापनक्षेत्रात दीर्घकाळ टिकून राहिला. या समजाचा एक परिणाम असा की थरारपट यशस्वी झाला तर त्याचे श्रेय कथानकातील कलाटणीला आणि फसला तर त्याचा दोष 'नक्कल' या एका शब्दाला देऊन चर्चा संपवली जाते.

निशिकांत कामत (१९७०-२०२०) यांच्या बाबतीत असेच घडले आहे. 'डोंबिवली फास्ट' या त्यांच्या पहिल्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'मुंबई मेरी जान'ने त्यांना हिंदीत प्रतिष्ठा दिली. 'फोर्स' (२०११), 'लय भारी' (२०१४) आणि 'दृश्यम' यांनी त्यांना व्यावसायिक यश दिले. त्यानंतर आलेल्या 'रॉकी हँडसम'ने मात्र निराशा केली. त्याच वर्षीचा 'मदारी' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला अखेरचा चित्रपट ठरला. १७ ऑगस्ट २०२० रोजी वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कार्य असे अकाली थांबलेल्या कलावंताचे मूल्यमापन करताना त्याच्या अखेरच्या टप्प्यातील अपयशाला अवाजवी महत्त्व येण्याचा धोका असतो. म्हणूनच या अपयशाचा नीट विचार करणे आवश्यक ठरते.

२. मतभिन्नतेचे स्वरूप

'रॉकी हँडसम' २५ मार्च २०१६ रोजी प्रदर्शित झाला. गोव्यात गहाणवटीचे दुकान चालवणारा, कोणाशीही न बोलणारा कबीर अहलावत (जॉन अब्राहम) आणि शेजारी राहणारी नाओमी ही लहान मुलगी यांच्यातील जिव्हाळा हा या कथानकाचा आरंभबिंदू आहे. नाओमीची आई अमली पदार्थांच्या आहारी गेलेली आहे. तिने पळवलेल्या मालामुळे मायलेकी गुन्हेगारांच्या हाती सापडतात आणि मुलीच्या शोधात निघालेल्या नायकाचा दडलेला भूतकाळ उघड होत जातो. टोळीप्रमुख केव्हिन परेरा याची भूमिका स्वतः कामत यांनीच केली आहे. हा चित्रपट ली जोंग-बम यांच्या 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' (२०१०) या कोरियन चित्रपटावर आधारलेला आहे.

या चित्रपटाविषयी आणि त्यानिमित्ताने कामत यांच्या एकूण कार्याविषयी जी मते मांडली जातात, त्यांची स्थूलमानाने चार गटांत विभागणी करता येते.

पहिले मत असे की हा चित्रपट परकीय कलाकृतीची पुनर्निर्मिती असल्यामुळेच निर्जीव झाला. दिग्दर्शकाजवळ सांगण्यासारखे स्वतःचे काही उरले नव्हते. दुसरे मत दोषाचा रोख नटाकडे वळवते. चित्रपटाच्या निर्मितीतही सहभागी असलेल्या नायकाच्या देहयष्टीचे दर्शन घडवणे हेच येथे उद्दिष्ट होते आणि दिग्दर्शक त्या उद्दिष्टाचा सेवक झाला, असे हे मत मानते. तिसरे मत बचावाचे आहे. मारधाडपटाकडून मारधाडीचीच अपेक्षा करावी. या चित्रपटातील हाणामारीची दृश्ये हिंदी चित्रपटाच्या नेहमीच्या दर्जापेक्षा सरस आहेत आणि त्यातच त्याची सार्थकता आहे, असे या मताचे म्हणणे आहे. चौथे मत सर्वांत व्यापक आणि सर्वांत अधिक पसरलेले आहे. त्यानुसार 'डोंबिवली फास्ट'चा दिग्दर्शक हिंदीतील बाजारात गेला आणि हळूहळू संपला. 'रॉकी हँडसम' हा त्या ऱ्हासाचा पुरावा होय.

या चारही मतांत काही तथ्यांश आहे. तथापि त्यांपैकी एकही मत कामत यांच्या सर्व चित्रपटांना लावून पाहिले असता टिकत नाही. हे कसे, ते क्रमाने पाहू.

३. रिमेकचा आक्षेप आणि त्याची मर्यादा

रिमेक असल्यामुळे चित्रपट फसला, हे विधान सत्य असेल तर 'दृश्यम'चे यश अनाकलनीय ठरते. 'दृश्यम' हा जीतू जोसेफ यांच्या २०१३ मधील त्याच नावाच्या मल्याळम चित्रपटावरून केलेला आहे. तो ३१ जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झाला. म्हणजे 'दृश्यम' आणि 'रॉकी हँडसम' यांच्यात आठ महिन्यांचेही अंतर नाही. दोन्ही रिमेक, दोन्हींचा दिग्दर्शक एकच, दोन्हींची पार्श्वभूमी गोव्याची. एवढ्या गोष्टी समान असूनही एक चित्रपट प्रेक्षकाला खिळवून ठेवतो आणि दुसरा ठेवू शकत नाही. तेव्हा दोहोंत समान असलेली गोष्ट ही फरकाचे कारण असू शकत नाही, हे तर्कशास्त्राच्या साध्या नियमानेही मान्य करावे लागते.

आणखी मागे गेल्यास असे दिसते की कामत यांच्या वाटचालीत आधारित कथानकाचा प्रश्न प्रथमपासूनच आहे. 'डोंबिवली फास्ट'ची जोएल शूमाकर यांच्या 'फॉलिंग डाउन' (१९९३) या अमेरिकी चित्रपटाशी तुलना वारंवार झाली. नागरी जीवनाच्या रेट्याने पिचलेला नोकरदार एके दिवशी फुटतो आणि शहरभर हिंसक संचार करतो, हा सांगाडा दोहोंत समान आहे. पुढे कामत यांनी 'डोंबिवली फास्ट' स्वतःच तमिळमध्ये 'एवनो ओरुवन' (२००७) या नावाने पुन्हा केला. 'फोर्स' हा गौतम मेनन यांच्या 'काक्क काक्क' (२००३) या तमिळ चित्रपटावर बेतलेला आहे. याचा अर्थ असा की दुसऱ्याचा सांगाडा घेऊन त्यात स्वतःचा जीव ओतणे ही या दिग्दर्शकाची ऱ्हासकाळातील तडजोड नसून ती त्याची आरंभापासूनची कार्यपद्धती आहे. त्यामुळे पूर्वी मौलिक असलेला दिग्दर्शक नंतर अनुकरण करू लागला, या चौथ्या मताचा पायाच डळमळीत होतो.

नटाविषयीचे मतही असेच अपुरे आहे. 'फोर्स'मध्ये जॉन अब्राहम हेच नायक होते आणि तो चित्रपट प्रेक्षकांनी स्वीकारला. हाणामारीच्या दर्जाच्या आधारे केलेला बचाव तर एका अर्थी आरोपच ठरतो. थरारपटात हाणामारी सुबक असूनही प्रेक्षकाला नायकाविषयी चिंता वाटत नसेल, तर ती सुबकता थराराला साहाय्यभूत झाली नाही, एवढेच सिद्ध होते.

येथे आणखी एका शक्यतेचा विचार करणे प्रामाणिकपणाचे होईल. 'मुंबई मेरी जान'च्या लेखनात आणि 'दृश्यम'च्या हिंदी रूपांतरात उपेंद्र सिधये यांचा सहभाग होता, तर 'रॉकी हँडसम'ची पटकथा रितेश शाह यांची आहे. तेव्हा फरक लेखकाचा आहे, दिग्दर्शकाचा नाही, असेही म्हणता येईल. परंतु 'मदारी'ची पटकथाही रितेश शाह यांचीच असून तो चित्रपट, त्यातील दोष गृहीत धरूनही, 'रॉकी हँडसम'पेक्षा कितीतरी अधिक भिडतो. लेखकाचे नाव हेही म्हणून अंतिम उत्तर देत नाही. उत्तर चित्रपटांच्या रचनेतच शोधावे लागेल.

४. नित्यक्रम आणि ताण

आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत धक्का आणि उत्कंठा यांतील भेद टेबलाखाली ठेवलेल्या बॉम्बच्या दृष्टांताने स्पष्ट केला, हे सर्वज्ञात आहे. बॉम्ब अचानक फुटला तर क्षणभराचा धक्का बसतो. पण तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तर टेबलाभोवतीचे साधे संभाषणही असह्य ताणाचे होते. या दृष्टांताची चर्चा करताना बहुतेकांचे लक्ष बॉम्बकडे जाते. वास्तविक त्यात तितकेच महत्त्व त्या साध्या संभाषणाला आहे. टेबलाभोवती बसलेली माणसे रोजच्यासारखी बोलत नसतील तर बॉम्बची भीती कोणासाठी बाळगायची, हा प्रश्न उरतो. ताणासाठी संकट जितके आवश्यक, तितकेच संकटाने मोडणारे नित्याचे जगणे आवश्यक असते.

कामत यांच्या चित्रपटांचे सामर्थ्य नेमके या दुसऱ्या घटकात आहे. 'डोंबिवली फास्ट'मधील माधव आपटे (संदीप कुलकर्णी) हा बँकेत नोकरी करणारा, नियमाने वागणारा गृहस्थ. पहाटेचा गजर, घरातील लगबग, लोकलची गर्दी, कचेरी आणि परतीचा प्रवास यांची आवर्तने चित्रपट इतक्या चिकाटीने दाखवतो की प्रेक्षकालाही त्या चक्राचा शीण जाणवू लागतो. थंड पेयाच्या बाटलीसाठी छापील किमतीहून अधिक पैसे मागणाऱ्या दुकानदारावर माधवचा संताप उसळतो तेव्हा कारण क्षुल्लक असते. परंतु त्या एक-दोन रुपयांमागे वर्षानुवर्षांचा नित्यक्रम उभा असतो. म्हणूनच त्याची हिंसा समर्थनीय वाटली नाही तरी समजते आणि टाळी वाजवणाऱ्या प्रेक्षकाला आपण कशाला टाळी वाजवली, हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. या चित्रपटावर कायदा हाती घेणाऱ्याचे उदात्तीकरण केल्याचा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. मात्र असा आक्षेप घेण्याइतकी ही हिंसा प्रेक्षकाला गुंतवते, हेही नोंदवले पाहिजे.

'मुंबई मेरी जान' हा ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांनंतरच्या दिवसांचा चित्रपट आहे. रूढ अर्थाने तो थरारपट नव्हे. तरीही सायकलीवरून कॉफी विकणारा थॉमस (इरफान खान) मॉलमधील अपमानानंतर बॉम्ब ठेवल्याचे खोटे दूरध्वनी करू लागतो, तो भाग कोणत्याही थरारपटाइतका ताणलेला आहे. त्याच्या दूरध्वनीमुळे उडालेल्या गोंधळात एका वृद्धाला हृदयविकाराचा झटका येतो आणि थॉमसच्या हातातील खेळ गळून पडतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील हवालदार तुकाराम पाटील (परेश रावल) याच्या भागातही स्फोटांपेक्षा त्याच्या नोकरीतील रोजच्या असहायतेचेच ओझे अधिक आहे.

'दृश्यम'मध्ये तर नित्यक्रम हाच कथानकाचा मुख्य आधार होतो. विजय साळगावकर (अजय देवगण) हा केबलचा व्यवसाय करणारा, चौथी नापास झालेला, चित्रपट पाहून जग समजून घेणारा माणूस. कुटुंबाच्या हातून घडलेला गुन्हा लपवण्यासाठी तो शस्त्र उचलत नाही. तो २ आणि ३ ऑक्टोबरचा एक साधा कौटुंबिक प्रवास रचतो : पणजीतील सत्संग, हॉटेलातील मुक्काम, खाणे, सिनेमा, बसचा वाहक. प्रत्यक्षात नंतर केलेला प्रवास आधीच्या तारखांना झाल्याचे तो साक्षीदारांच्या स्मरणात रुजवतो. बसचे तिकीट आणि हॉटेलचे बिल या मध्यमवर्गीय जगण्यातील सर्वांत नगण्य वस्तू येथे जीवनमरणाच्या ठरतात. मीरा देशमुख (तब्बू) या पोलीस महानिरीक्षक असलेल्या आईची बुद्धी आणि सत्ता या कागदाच्या चिठोऱ्यांपुढे अडते. 'डोंबिवली फास्ट'मध्ये नित्यक्रम माणसाला गुदमरवतो, तर 'दृश्यम'मध्ये तोच त्याचे कवच बनतो. दोन चित्रपटांत दहा वर्षांचे अंतर असले आणि त्यांची मूळ कथानके परस्परांशी असंबद्ध असली तरी दिग्दर्शकाची दृष्टी ज्या ठिकाणी रेंगाळते ते ठिकाण एकच आहे. फ्रेंच आणि नंतर अमेरिकी समीक्षेने १९५० आणि १९६० च्या दशकांत मांडलेली दिग्दर्शकाच्या कर्तृत्वाची संकल्पना येथे उपयोगी पडते. कथानक कोणाचेही असो, त्यातील कोणत्या गोष्टीला दिग्दर्शक वेळ देतो, यावरून त्याची ओळख पटते.

५. वाया गेलेले दुकान

या पार्श्वभूमीवर 'रॉकी हँडसम' पाहिला असता त्यातील उणीव ठळकपणे जाणवते. नायक गहाणवटीचे दुकान चालवतो. कथेच्या दृष्टीने याहून समृद्ध जागा क्वचितच मिळेल. माणसे तेथे आपल्या घरातील वस्तू घेऊन येतात. प्रत्येक वस्तूमागे एक अडचण असते आणि काउंटरच्या पलीकडच्या माणसाला न सांगताही ती कळत असते. असा माणूस अबोल असला तरी तो परिसराचे सर्व दुःख जाणणारा असू शकतो. परंतु चित्रपटात हे दुकान नायकाचा पत्ता एवढ्यापुरतेच उरते. तेथे कोण येते, काय ठेवून जाते, सोडवायला परत येते की नाही, यासाठी चित्रपटाजवळ वेळ नाही. 'डोंबिवली फास्ट'मध्ये लोकलच्या डब्याला मिळालेले स्थान या दुकानाला मिळाले असते तर नायकाच्या मौनाला अर्थ लाभला असता.

नायकाचा भूतकाळही असाच हाताळला आहे. तो पूर्वी विशेष पथकातील अधिकारी होता आणि त्याची गर्भवती पत्नी मारली गेली, हे प्रेक्षकाला एकीकडे पोलिसांच्या तपासातून आणि दुसरीकडे गीतांच्या आधाराने उलगडणाऱ्या प्रणयदृश्यांतून कळते. पहिल्या मार्गाने माहिती मिळते आणि दुसऱ्या मार्गाने देखणेपणा मिळतो. त्या दांपत्याचे जगणे मात्र कोणत्याच मार्गाने मिळत नाही. माधव आपटे आणि त्याची पत्नी यांच्यातील रोजची कुरबुर चित्रपट संपल्यावरही आठवते. कबीर आणि रुक्षिदा (श्रुती हासन) यांच्यातील एखादा साधा संवाद आठवू पाहिला तर आठवत नाही. जे नीट उभेच केले नाही, त्याच्या नाशाचे दुःख प्रेक्षकाने कसे करावे?

गोव्याच्या चित्रणातही हाच फरक आहे. 'दृश्यम'मधील गोव्यात पोलीस ठाणे, उपाहारगृह, केबलचे कार्यालय आणि एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे आहेत. 'रॉकी हँडसम'मधील गोवा हा मेजवान्या आणि अमली पदार्थ यांचा नेहमीचा पडदा आहे. खलपात्रे क्रूर आहेत, लहान मुलांचा आणि मानवी अवयवांचा व्यापार करतात. पण त्यांची क्रूरता जितकी वाढते तितकी ती दूरची वाटू लागते. अखेरच्या भागातील चाकूची झुंज तांत्रिकदृष्ट्या दाद देण्याजोगी असली तरी तिच्या निकालाविषयी प्रेक्षकाला शंका नसते. नायक अजिंक्य आहे हे त्याला फार आधी कळलेले असते आणि अजिंक्य माणसाविषयी काळजी वाटत नाही.

मूळ कोरियन चित्रपटातही नायक अजिंक्यच आहे, मग तो कसा परिणामकारक ठरला, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्या चित्रपटात पुरुष आणि मुलगी या दोघांचे एकटेपण कथेच्या केंद्रस्थानी राहते आणि पुढील हिंसेचा उगम त्या नात्यात असल्याचे भान सुटत नाही. हिंदी रूपांतराने घटनाक्रम बऱ्याच अंशी जसाच्या तसा घेतला, पण त्या नात्याच्या जागेचा मोठा वाटा गीते, मेजवान्या आणि पूर्वप्रणय यांना दिला. म्हणजे घटना घेतल्या आणि त्या घटनांना अर्थ देणारा अवकाश गमावला. 'दृश्यम'च्या बाबतीत उलट घडले. केरळमधील डोंगराळ गाव गोव्यात आणताना रोजच्या जगण्याचा पोतही तेथे नव्याने विणला गेला. रिमेक करण्यात दोष नाही. रिमेक करताना काय सोबत न्यावे आणि काय नव्याने घडवावे, याचा विवेक सुटण्यात दोष आहे.

६. 'मदारी'ची साक्ष

'रॉकी हँडसम'नंतर चारच महिन्यांनी, २२ जुलै २०१६ रोजी, 'मदारी' प्रदर्शित झाला. या चित्रपटाकडे ऱ्हासाच्या सिद्धांताचे समर्थक फारसे वळत नाहीत. दोन्ही चित्रपटांची बीजे आश्चर्य वाटावे इतकी जवळची आहेत. दोहोंत आपले माणूस गमावलेला एकाकी पुरुष आहे आणि दोहोंत एका मुलाचे अपहरण आहे. 'मदारी'तील निर्मल कुमार (इरफान खान) याचा लहान मुलगा पूल कोसळून मरण पावला आहे आणि त्याचा जाब विचारण्यासाठी तो गृहमंत्र्यांच्या मुलाला पळवतो. येथे अपहरण करणारा हाच पीडित आहे. तो चालताना, खाताना, ओलीस मुलाची काळजी घेताना एक बाप म्हणूनच वागतो, कारण ती त्याची मोडलेली सवय आहे. मुलाच्या आठवणीत कोसळणारा निर्मल पाहताना कोणत्याही पोलिसी कागदपत्रांची गरज भासत नाही.

'मदारी' निर्दोष नाही. अखेरच्या भागात दूरचित्रवाणीच्या साक्षीने सत्ताधाऱ्यांचा पंचनामा सुरू होतो, तेव्हा नाट्याची जागा भाषण घेते आणि आतापर्यंत जपलेला ताण सैल पडतो. परंतु हा दोषही प्रस्तुत प्रतिपादनाला पुष्टीच देतो. निर्मल बाप असतो तोवर चित्रपट पकड घेतो. तो जनतेचा प्रवक्ता होतो, तेव्हा पकड सुटते. दिग्दर्शक संपलेला नव्हता, हे 'मदारी'वरून दिसते. तो आपल्या बळाच्या जागेपासून दूर गेला की चित्रपट दुबळा होत होता, एवढेच म्हणता येते.

७. बारामती-इंदापूरच्या प्रेक्षकाचा प्रश्न

येथे एक रास्त शंका उद्भवते. नित्यक्रम हा ताणाचा आधार असेल, तर तो नित्यक्रम ज्यांच्या अनुभवाचा नाही त्यांच्यापर्यंत हा ताण कसा पोहोचावा? बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील विद्यार्थ्याने डोंबिवलीची सकाळची लोकल अनुभवलेली असेलच असे नाही. त्याच्या घरचे वेळापत्रक नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनावर, उसाच्या तोडीच्या पाळीवर, कारखान्याच्या काट्यावर लागणाऱ्या वेळेवर आणि महाविद्यालयात नेणाऱ्या एस.टी.वर बांधलेले असते. असा प्रेक्षक माधव आपटेशी एकरूप कसा होणार?

'डोंबिवली फास्ट'ची रचनाच या शंकेचे उत्तर देते. हा चित्रपट लोकलचा अनुभव प्रेक्षकाजवळ आहे असे गृहीत धरत नाही; आवर्तनांच्या साहाय्याने तो अनुभव चित्रपटातच घडवतो. पाळी येईपर्यंत थांबणे, नियमाने वागणाऱ्याची रांग मागे राहणे आणि ओळखीच्याचे काम पुढे सरकणे हे मुंबईइतकेच कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. भूगोल वेगळा असला तरी वाट पाहण्याचे शिक्षण समान असते. त्यामुळे तपशील जितका नेमका, तितका तो अधिक दूरच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. 'सर्वांसाठी' म्हणून केलेला 'रॉकी हँडसम' मात्र कोणत्याच ठिकाणचा न राहिल्यामुळे कोणापर्यंतच पोहोचत नाही.

गहाणवटीच्या दुकानाचा मुद्दा या संदर्भात पुन्हा लक्षात घेण्याजोगा आहे. लागवडीसाठी, आजारपणासाठी वा मुलांच्या शुल्कासाठी सोने तारण ठेवणे आणि हंगामाचे पैसे आल्यावर ते सोडवणे हा शेतीप्रधान भागातील असंख्य कुटुंबांचा व्यवहार आहे. या परिसरातील प्रेक्षकाला त्या काउंटरचे वजन सांगावे लागत नाही. पडद्यावर असे दुकान दिसताच त्याच्या मनात काही जागे होते. चित्रपट त्याकडे पाठ फिरवतो आणि पुढच्या मारामारीकडे धावतो. प्रेक्षकाची निराशा नेमकी येथे घडते, मग तो ती 'चित्रपट जमला नाही' एवढ्याच शब्दांत व्यक्त करो.

अध्यापकाच्या दृष्टीने याचे महत्त्व आहे. विद्यार्थी थरारपट मोठ्या प्रमाणावर पाहतात आणि त्यावर उत्साहाने बोलतात. त्यांना 'हा कशावरून घेतला आहे' एवढाच प्रश्न विचारायला शिकवले तर चर्चा माहितीच्या पातळीवर थांबते. 'या माणसाचा संकटापूर्वीचा एक दिवस तुम्हाला सांगता येईल का', हा प्रश्न विचारला तर तेच विद्यार्थी चित्रपटाच्या रचनेकडे वळतात. माधव आपटे आणि विजय साळगावकर यांचा दिवस त्यांना सांगता येईल. कबीर अहलावतचा सांगता येणार नाही. हिंसेच्या चित्रणाकडे विवेकाने पाहण्याची सवयही याच मार्गाने लागू शकते, कारण कोणाचे जगणे मोडले हे ज्याला दिसते, तोच मोडण्याच्या कृतीविषयी प्रश्न उपस्थित करतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) 'रॉकी हँडसम' फसला हे मान्य करूनही ते अपयश रिमेकचे, नटाचे किंवा केवळ बाजाराचे आहे, असे म्हणता येत नाही, ही तिन्ही कारणे कामत यांच्या यशस्वी चित्रपटांतही उपस्थित होती.

२) कामत यांच्या थरारपटांचे बळ सामान्य माणसाच्या नित्यक्रमाच्या सघन चित्रणात आहे. हा नित्यक्रम कधी गुदमरवणारा, कधी संरक्षक, तर कधी मोडून पडलेला असतो. तो जेथे घडवला जातो तेथे ताण निर्माण होतो.

३) 'रॉकी हँडसम'मध्ये अशा चित्रणाला अनुकूल जागा असूनही ती वापरली गेली नाही. त्यामुळे हिंसा कौशल्यपूर्ण असूनही निर्भार राहिली.

४) 'दृश्यम' आणि 'मदारी' यांच्या मधोमध हा चित्रपट आला असल्याने सलग ऱ्हासाची कल्पना कालक्रमालाही धरून नाही.

'दृश्यम'चा पुढील भाग २०२२ मध्ये अभिषेक पाठक यांच्या दिग्दर्शनाखाली आला आणि प्रेक्षकांनी तो उचलून धरला. त्या यशाच्या मुळाशी २ ऑक्टोबरची तारीख, एक बस आणि एक हॉटेलचे बिल प्रेक्षकांच्या स्मरणात पक्के करणारे कामत यांचे काम होते. दिग्दर्शकाचे मूल्यमापन त्याच्या एका निराशाजनक चित्रपटावरून करायचेच असेल, तर त्या चित्रपटात काय नाही याचा शोध घ्यावा लागतो. जे तेथे नाही, तेच इतरत्र त्याचे सामर्थ्य होते, हे 'रॉकी हँडसम'च्या निमित्ताने अधिक स्पष्टपणे लक्षात येते.